जुन्याची हमी

मी कोल्हापूरची. आमच्याकडे नेमबाजी हा घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणलं. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात येऊन स्थिरावल्यावर मी रेंजवर जायला लागले, याचं घरी कुणाला फारसं नवल वाटलं नाही. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की इथल्या कित्येक शाळांना सुट्टी असते. अशा मुलखात रेंज शोधावी लागत नाही. मला गोडी लागली ती रिव्हॉल्व्हरची, आणि स्वतःचं घ्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला: दुकानातलं कोरं घ्यावं की पन्नास वर्षांपूर्वीचं, कुणाच्या तरी हाताखालून गेलेलं? त्या शोधात जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या आधी कायदा वाचावा लागतो, आणि तो आपल्यासारख्यांसाठी वेगळा असतो. भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, अमेरिकेत दुकानात जायचं आणि पिशवीत घालून आणायचं. एच-वन-बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला १९९८ पासून इथल्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड आलं की ही अडचण सुटते. मी ग्रीन कार्ड हाती पडेपर्यंत फक्त पुस्तकं वाचली आणि इतरांना पाहिलं. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते. पेनसिल्व्हेनियात तर दोन अनोळखी माणसांमधला हँडगनचा खासगी व्यवहारही परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयातून करावा लागतो. म्हणजे जुनं घ्या की नवं, कागद तोच. आपल्या लोकांपैकी कुणी उत्साहाने विचारायला आलं की मी पहिला प्रश्न व्हिसाचा विचारते.

२. 'जुनं' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी हत्यारं येतात. १८७३ चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हेही क्लासिक आणि १९८० चं पोलिसी रिव्हॉल्व्हर हेही क्लासिक. पण पहिल्यात घोडा काडतुसावरच टेकलेला राहतो. हातातून पडलं तर गोळी सुटू शकते, म्हणून जाणकार त्यात पाचच गोळ्या भरतात आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक नौसैनिक अशाच खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून गेला, आणि त्यानंतर कंपनीने घोडा अडवणाऱ्या आतल्या पट्टीची रचना बदलली. युद्धानंतरच्या त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती सुधारित पट्टी आहे. म्हणून मी माझ्या शोधाची सीमा युद्धानंतरच्या काळावर आखली. त्याआधीची फार देखणी आहेत, पण ती संग्राहकांची. मला दर आठवड्याला कागदी लक्ष्यावर नेम धरायचा होता.

३. बाहेरून झिजलेलं ते आतून झिजलेलं असतंच असं नाही. बहुतेकदा उलटच असतं. ही गोष्ट मला एका निवृत्त कारागिराने शिकवली. आमच्या रेंजपासून जवळच राहणारे ते गृहस्थ आयुष्यभर बंदुका दुरुस्त करत आले. त्यांनी टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. एकाची नळीच्या टोकाची निळीकाळी झिलई पार उडालेली, सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, लाकडी मूठ खरवडलेली. दुसरं आरशासारखं लखलखीत. "यातलं कुठलं घेशील?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी त्यांनी दोन्ही उघडून दाखवली. पहिलं पोलीस खात्याचं होतं. १९८० नंतर अमेरिकेतली पोलीस खाती एकामागून एक रिव्हॉल्व्हर सोडून अर्धस्वयंचलित पिस्तुलांकडे वळली, आणि त्यांची जुनी हत्यारं बाजारात आली. ती वीस-वीस वर्षं कमरेला होती. चामडी म्यानात आत-बाहेर होऊन, गाडीच्या दाराला घासून ती बाहेरून झिजली, पण गोळ्या झाडल्या गेल्या त्या वर्षातून काही वेळा, नेमबाजीच्या चाचणीपुरत्या. आतली यंत्रणा कोरीच राहिली. दुसरं कुणा हौशी माणसाने हजारो जोरदार गोळ्या झाडून मग नव्याने झिलई करून घेतलेलं होतं.

नव्या झिलईची लक्षणं त्यांनी बोटाने दाखवली. ठसवलेली अक्षरं पुसट होतात, त्यांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. स्क्रूच्या भोकांभोवती उथळ खळगे पडतात. धारदार कोपरे गोल होतात. स्मिथ अँड वेसनच्या घोड्यावर आणि चापावर मुळात पिवळसर-निळसर-तपकिरी रंगांची लाट असते, ती उष्णता देऊन पृष्ठभाग कठीण केल्याची खूण. तिथे एकसारखा निळा-काळा रंग दिसला की समजायचं, हे कुणीतरी नंतर रंगवलंय. माझं पोटापाण्याचं काम कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या सुट्या भागांना मी पास-नापास करते. तरीही पृष्ठभागाकडे या नजरेने बघायला मला त्या टेबलापाशीच शिकायला मिळालं. आमच्याकडे चकचकीत पृष्ठभाग हा चांगल्या मालाचा पहिला पुरावा असतो, आणि इथे तोच संशयाचं कारण होता.

४. नव्याची हमी कारखाना देतो. जुन्याची हमी आपल्याच बोटांनी द्यावी लागते. माझ्या सगळ्या शोधाचं सार मला विचाराल तर हेच आहे, आणि म्हणून यावर जरा जास्त बोलते.

सगळ्यात आधी रिकामं आहे ना, ते बघायचं. विक्रेत्याने बघितलेलं असलं तरी आपण बघायचं, आणि दुसऱ्याच्या हाती देऊन परत घेतलं की पुन्हा बघायचं. मग विक्रेत्याची परवानगी घ्यायची, कारण रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप विचारल्याशिवाय ओढणं इथे असभ्य समजतात. सिनेमातला नायक मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करतो. तसं केलं तर सिलिंडर ज्या आडव्या दांडीवर बसतं ती वाकते, आणि तसं करणारा खरेदीदार दुकानदाराच्या नजरेतून तिथेच उतरतो.

मग घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवायचा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकंसं टेकवून. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर आपल्या जागी येऊन खटका बसला पाहिजे. सहाही घरांसाठी हे वेगवेगळं करायचं, कारण सहापैकी एखादंच मागे राहत असतं. एखादं घर नळीशी नीट जुळत नसेल, तर गोळी नळीत शिरताना कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. आपल्या शेजारच्या मार्गिकेत उभ्या असलेल्या माणसाच्या गालावर ते लागू शकतात. त्यानंतर घोडा चढलेला असताना त्याला अंगठ्याने पुढे रेटून बघायचं. चाप न ओढता घोडा पडला, तर ते रिव्हॉल्व्हर नम्रपणे खाली ठेवायचं आणि पुढे जायचं.

सिलिंडर बंद करून ते नळीच्या दिशेने मागेपुढे हलवायचं. हे मला पटकन समजलं, कारण आमच्या आजीच्या अडकित्त्याची खीळ झिजली तेव्हा पाती अशीच खुळखुळायची आणि सुपारी कापायच्या ऐवजी चेंगरायची. थोडी हालचाल चालते, टकटक ऐकू आली की नाही. मग फीलर गेजच्या पातळ पात्यांनी सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायची. साधारण चार ते आठ हजारांश इंच असावी. नळीतून उजेडाकडे बघायचं. आत कुठे गोल काळी कडी दिसली तर एखादी गोळी कधीतरी अडकून तिच्यामागून दुसरी झाडली गेली, आणि नळी तिथे फुगली. शेवटी बाजूच्या झाकणाचे स्क्रू. त्यांच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातलेला आहे, आणि आत काय केलं ते तो सांगायला येणार नाही.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग नवंच घ्यावं. बरोबर आहे. ज्याला हे शिकायचं नाही किंवा शिकवणारा जवळ नाही, त्याने नवंच घ्यावं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण मला हे तपासणं घेण्याइतकंच आवडलं. कित्येक शनिवारी मी बंदुकांच्या प्रदर्शनातून काहीही न घेता परतले आहे, आणि तो वेळ सार्थकी लागला असंच मला वाटलं.

५. प्रत्येक चांगल्या रचनेत एक दुबळी जागा असते, आणि ती ठाऊक असेल तर तीच रचना आपल्याला शंभर वर्षं साथ देते. मी ज्याच्या मागे लागले ते स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९. १९५५ साली ते 'कॉम्बॅट मॅग्नम' या नावाने आलं. मॉडेलचे क्रमांक १९५७ पासून सुरू झाले. सीमा गस्ती दलातले बिल जॉर्डन यांचा त्यामागे आग्रह होता. .३५७ मॅग्नम हे जबरदस्त काडतूस १९३५ पासून होतं, पण त्यासाठीची रिव्हॉल्व्हर जड आणि मोठ्या चौकटीची होती. दिवसभर कमरेला वागवणाऱ्या माणसाला तेच काडतूस मध्यम चौकटीत हवं होतं. कंपनीने ते करून दिलं. त्यासाठी नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत उडी घेते तिथे, खालच्या बाजूने थोडा सपाट काप घ्यावा लागला, म्हणजे सिलिंडरची दांडी बसायला जागा मिळते. त्या जागी धातू पातळ झाला. पुढे १२५ ग्रेन वजनाच्या हलक्या, अतिवेगवान मॅग्नम गोळ्यांचं वेड आलं आणि काही रिव्हॉल्व्हरना नेमकी तिथेच चीर गेली. जुनं मॉडेल १९ हाती आलं की मी भिंग घेऊन सहा वाजताच्या काट्याची ती जागा आधी बघते.

यावरचा उपाय रचनेतच आहे. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलचं सौम्य काडतूस चालतं. त्याची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंचाने आखूड, एवढाच बाहेरचा फरक. मी जवळजवळ नेहमी .३८ च झाडते. आवाज कमी, धक्का कमी, नळीवर ताण कमी. फक्त आखूड पुंगळ्यांमुळे घरांमध्ये पुढच्या बाजूला काजळीची कडी साचते, ती नीट घासून काढली नाही तर पुढे लांब काडतुसं आत जाताना अडतात. मॅग्नम कधीमधी, सवय राहावी म्हणून. कानावर दुहेरी संरक्षण घेऊनच.

६. नवं रिव्हॉल्व्हर जुन्याची खालच्या दर्जाची नक्कल आहे, हा समज मला पटत नाही. रेंजवर जुन्या पिढीतले लोक नव्याकडे बघून हळहळतात. स्मिथ अँड वेसनमध्ये १९८२ नंतर नळी चौकटीत खिळीने बसवणं बंद झालं, पुंगळ्यांच्या कडा झाकणारी सिलिंडरची खोबण गेली. घोड्यावर असलेली टोचणारी सुई नंतर चौकटीत गेली. घोडा-चाप पूर्वी घडवलेल्या पोलादाचे, आता धातूची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजून केलेले. आणि २००१ पासून डाव्या बाजूला किल्लीचं छोटं भोक आलं, ते आतलं कुलूप. हे भोक काही जणांच्या डोळ्यांत इतकं खुपतं की ते त्यासाठी दुप्पट पैसे मोजून जुनं घेतात.

मी भुकटीच्या भागांचं मोजमाप नोकरीत रोज करते. पहिला आणि दहा हजारावा भाग इतका सारखा असतो, की कानशीने घासून जुळवायला कारागीर लागत नाही. कंपनीच्या स्प्रिंगफिल्डमधल्या जुन्या कारखान्यात प्रत्येक रिव्हॉल्व्हर माणूस बसून जुळवायचा. तो माणूस ज्या दिवशी मन लावून काम करी त्या दिवशीचं रिव्हॉल्व्हर अप्रतिम, आणि शुक्रवारी संध्याकाळचं कदाचित तसं नाही. नव्यात अप्रतिम क्वचित सापडतं आणि वाईटही क्वचित. शिवाय २०१८ मध्ये मॉडेल १९ पुन्हा आलं तेव्हा नळीखालचा तो सपाट काप त्यातून गेला. म्हणजे ज्याला रोज मॅग्नम झाडायचंय त्याच्यासाठी नवं खरोखर जास्त मजबूत आहे. हे मान्य करूनही, जुन्याचा चाप ओढताना जो एकसलग, तेलकट गुळगुळीतपणा बोटाला लागतो, तो मला नव्यात मिळाला नाही. मोजमापात तो कुठे पकडावा हे मला अजून उमगलेलं नाही, आणि गुणवत्ता तपासणाऱ्या बाईला हे छळतं.

७. प्रसिद्धी महाग असते. कोल्ट पायथनही १९५५ चंच. त्याची गडद निळी झिलई बघताना पाण्यात बघितल्यासारखं वाटतं. त्याचं सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, स्मिथचं उलट. चाप पूर्ण ओढून धरला की जुन्या कोल्टचं सिलिंडर तसूभरही हलत नाही, कारण त्याला फिरवणारा आतला हातच त्याला दाबून धरतो. अचूकतेचं रहस्य हेच, आणि लवकर झिजण्याचंही हेच. उत्पादन २००५ च्या सुमारास थांबलं. २०१० मध्ये 'द वॉकिंग डेड' या मालिकेच्या नायकाच्या हातात ते दिसलं आणि आधीच चढलेल्या किमती आणखी उसळल्या. २०२० मध्ये कोल्टने नवं पायथन काढलं, स्टेनलेस स्टीलचं, तेव्हाची यादीतली किंमत १,४९९ डॉलर. जुन्याची चांगली प्रत त्याहून बरीच महाग. इथे मला नवं घेणारेच शहाणे वाटतात: नव्या पायथनची यंत्रणा नव्याने आखलेली आहे, सुटे भाग मिळतात, आणि झाडताना छाती धडधडत नाही. जुनं पायथन खोक्यासकट, पावतीसकट, एकही गोळी न झाडलेलं असेल तर ते झाडलं की किंमत कोसळते. मग घेणारा ते कपाटात ठेवतो आणि रेंजवर दुसरंच घेऊन येतो.

८. दुरुस्त कोण करणार, हे घेण्याआधी विचारावं. स्मिथ अँड वेसनची आयुष्यभराची सेवा मूळ मालकाला असते, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला नाही. जुन्या कोल्टची यंत्रणा जुळवू शकणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि त्यांच्याकडे महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. स्मिथचे तुलनेने बरेच आहेत. माझा कल मॉडेल १९ कडे झुकला, त्यात याचा वाटा मोठा होता.

९. जुनं-नवं हा प्रश्न कोल्हापुरात अगदी वेगळा होतो. माझ्या मामांकडे .३२ चं विलायती वेब्ली अँड स्कॉट आहे, आजोबांच्या काळातलं, बर्मिंगहॅमचा ठसा असलेलं. मामांशी फोनवर यावर तास-तास बोलणं होतं. भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे जी विलायती रिव्हॉल्व्हर देशात आधीच होती तीच फिरत राहिली, आणि त्यांच्या किमती इथल्या माणसाला सांगितल्या तर विश्वास बसत नाही. ज्या जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरकडे अमेरिकेत कुणी वळून बघत नाही, त्याला तिकडे लाखांत मागणी. पर्याय कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२, आणि २०२० पासून वेब्ली अँड स्कॉटच्याच नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ बनतं. .३८ आणि .४५५ तिथे सामान्य माणसाला निषिद्धच.

मामांना मी एकदा विचारलं, "मामा, कानपूरचं नवं का घेत नाही? सुटे भाग तरी मिळतील." मामा म्हणाले, "अगं, हे झाडायला कोण ठेवतंय? परवाना दर पाच वर्षांनी नवा करायचा, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, दसऱ्याला पूजा करायची. आबांच्या नावाने आलेलं आहे, ते माझ्या नावाने जपतोय." त्यांच्याकडे काडतुसांचा जुना डबा आहे, पुंगळ्यांच्या बुडावर के.एफ. असा ठसा. के.एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याजवळची खडकी. बर्मिंगहॅमचं हत्यार आणि खडकीचं काडतूस एकाच कपाटात. मामांच्या जागी मी असते तरी जुनंच ठेवलं असतं, पण वेगळ्या कारणासाठी. तिकडे जुन्याची हमी घराणं देतं. इकडे माझ्यामागे घराणं नाही, म्हणून मला फीलर गेज लागतं.

१०. घरात हत्यार आणणं हा नव्या-जुन्यापेक्षा मोठा निर्णय आहे. यावर मी हळू आवाजात बोलणार नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकांनी ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून जास्त. चोराच्या भीतीने घेतलेलं हत्यार घरातल्याच कुणाच्या वाईट रात्री हाताशी येतं. आमच्या घरी भिंतीला ठोकलेली पोलादी तिजोरी रिव्हॉल्व्हरच्या आधी आली. काडतुसं वेगळ्या कुलपात. घरात कुणी खचलेलं असेल, कुणाची नोकरी गेली असेल, मुलगा-मुलगी वयाच्या नाजूक वळणावर असेल, तर मी ते विश्वासू परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला देईन, हे नवऱ्याशी आधीच बोलून ठेवलंय. रेंजवरून आल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचं नाही, हाही नियम; शिसं त्वचेवर राहतं. जुन्याच्या मोहात पडलेली माणसं कातडी म्यानात हत्यार ठेवून कपाटात टांगतात, ते शोभेसाठी छान दिसतं. चामडं कमवताना वापरलेली रसायनं आणि ओल मिळून पोलादाला गंज चढवतात. सुरक्षिततेसाठीही आणि पोलादासाठीही जागा एकच: तिजोरी.

११. शेवटी मी जुनं घेतलं. १९७० च्या दशकातलं मॉडेल १९, चार इंची नळी, खिळीने बसवलेली. बाहेरून म्यानाने घासलेलं, आतून घट्ट. त्याची किंमत नव्यापेक्षा फार कमी नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण स्वस्तात पडेल म्हणून जुनं शोधणाऱ्यांची आता निराशा होते. कंपनीच्या इतिहास प्रतिष्ठानाकडे क्रमांक कळवून शुल्क भरलं की जुन्या नोंदवह्या बघून पत्र येतं: कुठल्या तारखेला कारखान्यातून निघालं, कुणाकडे पाठवलं गेलं. ते पत्र मी मागवलं, आणि ते वाचताना मला माझ्याआधीच्या मालकांबद्दल आपुलकी वाटली. त्यांनी ते नीट पुसलं, तेल दिलं, म्हणून ते माझ्यापर्यंत आलं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला ग्रीन कार्ड मिळालं. ती ओहायोत असते. तिने फोन केला, "मावशी, तुझ्यासारखं जुनंच घेते. तू सांग कुठलं." मी तिला नवं सुचवलं. तिच्याजवळ शिकवणारे ते निवृत्त कारागीर नाहीत, दर शनिवारी प्रदर्शनं धुंडाळायला वेळ नाही, आणि तिला पहिल्या दिवसापासून निर्धास्तपणे झाडायचंय. ती थोडी हिरमुसली. मग मी म्हटलं, आधी सुरक्षिततेचा वर्ग कर, आणि कुठलंही घेण्याआधी रेंजवर भाड्याने मिळणारी झाडून बघ. ते तिला पटलं. अजून तिने काही घेतलेलं नाही. सध्या स्मिथ अँड वेसनचं सहा इंची नळीचं मॉडेल ६८६ भाड्याने घेते. हात लवकर भरून येतो म्हणते, तेव्हा पुढच्या रविवारी चार इंची मागणार आहे.